दुष्काळ, ऋण आणि मौन : झाक रूमँ यांच्या कादंबरीतील दारिद्र्यमीमांसा

हैतीमधील दारिद्र्याच्या वाङ्मयीन चित्रणाचा विचार झाक रूमँ (१९०७-१९४४) यांची 'गुव्हेर्नर द ला रोझे' ही फ्रेंच कादंबरी वगळून करता येत नाही. 'दवाचे अधिपती' असा शीर्षकार्थ असलेली ही कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर, १९४४ मध्येच प्रसिद्ध झाली आणि १९४७ मध्ये लँग्स्टन ह्यूज व मर्सर कुक यांनी ती इंग्रजीत आणली.

क्यूबातील उसाच्या मळ्यांत पंधरा वर्षे राबून मान्युएल फों-रूज या आपल्या गावी परततो, तेव्हा पिके करपलेली असतात आणि जमिनीच्या वाटणीवरून झालेल्या रक्तपातामुळे गाव दोन तटांत विभागलेले असते. गावकऱ्यांच्या लेखी अवर्षण हा दैवी कोप होय. मान्युएलला मात्र झाडे तोडल्यामुळे उघडे पडलेले डोंगर दिसतात. दैवाकडून कारणाकडे होणारा हा प्रवास हेच कादंबरीचे प्रमुख आशयसूत्र आहे. मान्युएलला झरा सापडतो. पण पाणी शेतापर्यंत आणण्यासाठी साऱ्या गावाचे श्रम लागणार असतात. ढोल आणि गाण्यांच्या साथीने एकमेकांच्या शेतात राबण्याची 'कुंबीत' ही प्रथा तर वैरामुळे मोडलेली असते. मराठी ग्रामजीवनातील 'इर्जिके'शी नाते सांगणारी ही प्रथा येथे अर्थव्यवस्थाही आहे आणि नीतिव्यवस्थाही.

ही मीमांसा प्रभावी असली तरी अपुरी आहे. गावाबाहेरील सत्ता कादंबरीत मुख्यतः इलारिओं या ग्रामीण पोलीस अधिकाऱ्याच्या रूपाने येते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर त्याचा डोळा आहे. हैतीचे ऋण मात्र त्याहून जुने होते. १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या राष्ट्रावर फ्रान्सने १८२५ मध्ये माजी वसाहतवाल्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी फ्रँक लादले. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जांची साखळी १९४७ पर्यंत पुरली. १९१५ ते १९३४ या काळात देश अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. या इतिहासाला कथानकात जवळजवळ स्थान नाही.

या दृष्टीने कादंबरीच्या शेवटाचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. प्राणघातक हल्ल्यानंतर मान्युएल मारेकऱ्याचे नाव उघड न करण्यास आई देलिराला सांगतो. त्या मौनामुळे सूडचक्र थांबते, दोन्ही तट एकत्र येतात आणि कालव्यातून पाणी वाहू लागते. गावाच्या पातळीवर हे मौन समर्थनीय आहे. राष्ट्राच्या पातळीवर तेच मौन धनकोला अदृश्य ठेवते, आणि मग दारिद्र्याचा सारा दोष कुऱ्हाड धरणाऱ्या हातांवर येतो.

झाक स्तेफेन आलेक्सी यांच्या १९५५ मधील 'कोंपेर जेनेराल सोलेय' या कादंबरीतील नायक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गरीब वस्तीतून डोमिनिकन उसाच्या मळ्यांत आणि १९३७ च्या हत्याकांडात पोहोचतो. रूमँ यांनी क्यूबाच्या आठवणींपुरता ठेवलेला बाहेरचा प्रदेश तेथे कथानकाचा भाग होतो. हैतीच्या दारिद्र्याची वाङ्मयीन मीमांसा समजून घेण्यासाठी या दोन कृती एकत्र वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे.