ग्रीनचे प्रमेय : सूत्र आणि अटी

बंद वक्रावरील रेषा-समाकल व आतील क्षेत्रावरील द्वि-समाकल यांची सांगड घालणारे ग्रीनचे प्रमेय महाविद्यालयांत बहुधा सूत्र म्हणूनच शिकवले जाते. त्यात अर्थ व अटी दोन्ही निसटतात. आदिलाबाद जिल्ह्यातील कापसाचे शेत घ्यावे. धुऱ्यावरील कोपऱ्यांचे निर्देशक मिळाले की आत पाऊल न टाकता क्षेत्रफळ निघते. येथे अर्थ उलगडतो. फेरी उलटी घेतली तर चिन्ह बदलते. मधली विहीर वगळायची असल्यास तिच्या काठाची उलट दिशेची फेरीही मिळवावी लागते. ती विसरल्यास विहीरही शेतात मोजली जाते. प्रश्नपत्रिका मात्र सूत्रच विचारतात. दिशा व पोकळी यांवर प्रश्न आल्याखेरीज विद्यार्थ्यांचे आकलन तपासले जाणार नाही.