सगळीकडे चालणारी नक्षी

‘खाकी’ हा शब्द फारसी ‘खाक’वरून आला. खाक म्हणजे धूळ, माती. कपड्याच्या नावातच जमीन आहे. अमेरिकी लष्कराने २००४ मध्ये जाहीर केलेल्या ‘युनिव्हर्सल कॅमोफ्लाज पॅटर्न’च्या नावात मात्र कुठलीच जमीन नाही, आणि मला त्याचे अपयश तिथेच दिसते. वाळवंट, जंगल, शहर, सगळीकडे एकच कापड चालेल, असा दावा होता.

रंग तीनच: वाळूचा, राखाडी, फिकट हिरवट. काळा वगळलेला. चौकोनी ठिपके जवळून पाहताना मलाही मोहक वाटले होते. पण लांबून बारीक ठिपके आणि एकमेकींजवळच्या छटा मिसळून जातात. नक्षी विरते, उरते ती माणसाची फिकट आकृती. ती फोडायला गडद, मोठे डाग लागतात. अफगाणिस्तानातून सैनिकांच्याच तक्रारी आल्या, तेव्हा २०१० पासून तिथल्या तुकड्यांना तपकिरी-हिरवा ‘मल्टिकॅम’ मिळू लागला. मधली वर्षे सैनिकांनी त्याच फिकट कपड्यात काढली.

अफगाण सैन्याची गत याहून वाईट. संरक्षणमंत्र्यांना जंगलाची एक खासगी नक्षी आवडली, म्हणून तीच घेतली. देशात जंगल जेमतेम २.१ टक्के! अमेरिकी महानिरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार या आवडीपायी २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाला असावा. ती नक्षी तिथल्या जमिनीवर उपयोगी पडते का, हे निवडताना कुणी तपासलेच नव्हते.