शब्दांचा खजिना आणि शब्दांचा शेजार

ज्यांच्या घरीं दोन पिढ्या इंग्रजी शिकल्या आहेत, त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेच्या आसपास एक जाडजूड इंग्रजी कोश आणि त्याच्या शेजारीं पीटर मार्क रोझे यांचा ‘थिसॉरस’ बहुधा आढळतो. कोशांत शब्दावरून अर्थाकडे जावयाचें, तर रोझे यांच्या ग्रंथांत अर्थावरून शब्दाकडे. मनांत कल्पना आहे, पण तिला शोभेल असा शब्द जिभेवर येत नाहीं, अशा अडचणींत सांपडलेल्या लेखकासाठीं हा ग्रंथ १८५२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून तो सारखा निघत आला आहे. आतां तर त्याचीं धाकटीं भावंडें संगणकांत आणि खिशांतल्या फोनांत जाऊन बसलीं आहेत. शब्दावर बोट ठेवावें, कीं दहाबारा पर्याय पुढें हजर. इंग्रजी शब्दसंपत्ति वाढवूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही शिक्षकमंडळी पुष्कळदां हाच ग्रंथ प्रथम सुचवितों. हा सल्ला चुकीचा आहे, असें माझें मत झालें आहे; आणि तें होण्यास ग्रंथाच्या परीक्षणापेक्षां माझा स्वतःचा एक प्रमाद अधिक कारण झाला, तो आधीं सांगून टाकतों.

मी नुकताच शाळेंत शिक्षक म्हणून लागलों होतों. ज्या मुख्याध्यापकांच्या हाताखालीं मी शिकलों तेच त्या वर्षीं सेवानिवृत्त होत होते, आणि त्यांना द्यावयाचें इंग्रजी मानपत्र लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. त्यांचा मोठा गुण म्हणजे काटकसर. खडूचे तुकडे, पाठकोरे कागद, मोडक्या बाकांचीं फळकुटें, यांतलें कांहींच त्यांनीं कधीं वायां जाऊं दिलें नाहीं, आणि अशा रीतीनें वांचविलेल्या पैशांतून शाळेचें ग्रंथालय उभें केलें. ‘थ्रिफ्ट’ हा शब्द मला येत होता. परंतु तो फार तोकडा वाटला. मानपत्राला भरजरी शब्द हवा! मीं रोझे उघडला. जुन्या आवृत्त्यांत ८१७ वा मथळा काटकसरीचा आहे, ८१८ वा उधळपट्टीचा आणि ८१९ वा चिक्कूपणाचा. माझ्या प्रतींत काटकसरीच्या नामांच्या अखेरीस ‘पार्सिमनी’ हा शब्द आणि त्यापुढें ८१९ हा आंकडा होता. तो आंकडा म्हणजे हद्दीचा दगड होता. येथून पुढें दुसऱ्याचें शेत, असें तो सांगत होता. मला दगड दिसला नाहीं, शब्दाची लांबी तेवढी दिसली.

समारंभ झाला, मानपत्र वाचलें गेलें, टाळ्याहि पडल्या. व्यासपीठावरून उतरतांना गुरुजी माझ्यापाशीं क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, “काय रे, इतका का मी चिक्कू होतों?” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, हेंच अधिक लागलें. पुढें त्यांच्या घरीं मी कितीदां तरी गेलों. ओसरीवर सत्कारांच्या तसबिरी ओळीनें लावलेल्या होत्या. ती एक चौकट मात्र मला कधीं दिसली नाहीं.

यांत दोष रोझे यांचा नव्हे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १७७९ सालीं जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायानें वैद्य. एडिंबरो येथें त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि १८२७ पासून १८४८ पर्यंत ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. शब्दांची पहिली वर्गवारी त्यांनीं १८०५ सालीं केवळ स्वतःच्या सोयीसाठीं करून ठेविली होती. ती वाढवून छापण्यास सवड मिळाली तेव्हां त्यांनीं सत्तरी ओलांडली होती. एक हजार मथळे, आणि त्यांचे सहा वर्ग: अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धि, संकल्प आणि भावना. वनस्पतींच्या जाति लावणाऱ्या शास्त्रज्ञाची ही दृष्टि आहे. शब्द त्याच्या कुळांत नेऊन बसविला कीं काम झालें. विरुद्ध अर्थाचे मथळे समोरासमोर छापण्याची त्यांची युक्ति तर खरोखर नामी. आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांतील सूक्ष्म भेद उकलणें हा निराळा विषय असून त्यांत आपण शिरत नाहीं, असें त्यांनीं आरंभींच स्वच्छ सांगून ठेविलें आहे. तसे ग्रंथ त्यांच्यापूर्वीं झालेच होते. हेस्टर पिओझी यांचा १७९४ सालीं आणि जॉर्ज क्रॅब यांचा १८१६ सालीं. रोझे यांच्यापुढें जो वाचक होता तो इंग्रजींतच जन्मलेला आणि वाढलेला. शब्द त्याच्या ओळखीचे, केवळ ऐन वेळीं आठवणींतून निसटलेले. गर्दींत चुकलेला ओळखीचा मनुष्य शोधून काढणें वेगळें, आणि अनोळखी मनुष्याला नुसत्या पोशाखावर भुलून घरीं आणणें वेगळें. आम्ही दुसरें करीत आलों.

या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत एक तळटीप आहे, ती मराठी वाचकानें अवश्य पाहावी. कल्पनांच्या क्रमानें शब्द लावण्याचे प्रयत्न आपल्यापूर्वीं कोणी केले, हें सांगतांना रोझे पहिलें नांव घेतात तें अमरकोशाचें. कोलब्रुक यांचें त्याचें भाषांतर १८०८ सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें होतें, तें त्यांच्या पाहण्यांत होतें. परंतु प्रशंसा कसली! अमराची वर्गवारी त्यांना अपुरी आणि गोंधळाची वाटली. स्वर्ग, देव, अग्नि, वायु, वेग, सातत्य आणि ‘पुष्कळ’ हीं सारीं एकाच वर्गांत कशीं, असा त्यांचा आक्षेप आहे.

वर्गीकरणाच्या दृष्टीनें आक्षेप खोटा नाहीं. पण अमरसिंहाला सृष्टीचीं कपाटें लावावयाचीं नव्हतींच. नामें आणि त्यांचीं लिंगें विद्यार्थ्याच्या तोंडीं बसावींत एवढ्यासाठीं त्यानें तीं श्लोकांत बांधलीं. ग्रंथाचें नांवच मुळीं नामलिंगानुशासन. वाऱ्यावरून वेग आठवतो, वेगावरून त्वरा, त्वरेवरून सातत्य, सातत्यावरून अतिशयता. हा क्रम तर्कशास्त्राचा नसेल, आठवणीचा आहे. आणि मुख्य गोष्ट अशी, कीं अमर घोकणारा विद्यार्थी त्याच सुमारास रघुवंश वाचावयास घेई. नामें त्याला अमरांत भेटत आणि त्यांचा संसार काव्यांत दिसे. आम्हीं इंग्रजीचा अमर तेवढा घेतला आणि रघुवंश सोडून दिला.

अमरानें आम्हांला एक वाईट खोडहि लाविली असावी, असें मला कधीं कधीं वाटतें: एका ओळींत बसलेले सारे शब्द सारख्या तोलाचे, ही समजूत. आपल्या भाषेंत ती क्षणभरहि टिकत नाहीं. पाणी, जल, उदक यांचा अर्थ एक. पण डोळ्यांत पाणी येतें, उदक येत नाहीं. घरीं उदकशांत करतात, पाणीशांत कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि प्रतिस्पर्ध्याचें पाणी जोखावें, त्याचें जल जोखूं गेल्यास हंसें होईल. हे भेद आम्हांला कोणीं शिकविले नाहींत म्हणून आम्ही ते विसरतों, आणि परक्या भाषेंत ते नसतीलच असें धरून चालतों.

इंग्रजींत तर या बाबतींत तीन थर आहेत. सॅक्सन लोकांचा शब्द घरचा, फ्रेंचांकडून आलेला दरबारचा, लॅटिनमधून घेतलेला पोथीचा. ‘किंग्ली’, ‘रॉयल’, ‘रीगल’ हे तिघे एकाच राजाचे. पण पंगतीला एकाच पाटावर बसत नाहींत. मित्राला ‘आस्क’ करावें, साक्षीदाराला ‘क्वेश्चन’ करावें, पकडलेल्या हेराला ‘इंटरॉगेट’ करावें. पाहुण्याला चहा घेणार का म्हणून कोणी ‘इंटरॉगेट’ करीत नाहीं. मराठींत संस्कृत शब्द चढविला कीं वाक्याला प्रौढी येते, ही आमची लहानपणापासूनची संवय. तिच्या जोरावर लॅटिन शब्द आम्हांला आपोआप प्रतिष्ठित वाटतो. फाउलर बंधूंनीं १९०६ सालच्या आपल्या पुस्तकांत दूरच्या शब्दापेक्षां परिचयाचा, लांबापेक्षां आंखूड आणि लॅटिनपेक्षां सॅक्सन शब्द पसंत करण्यास सांगितलें, आणि तोच शब्द पुन्हां येऊं नये म्हणून पर्याय बदलीत बसणाऱ्या लेखकांची चांगली थट्टा केली. सल्ला उत्तम; पण तोहि इंग्रजाच्या कामाचा. आम्हांला परिचयाचा शब्द कोणता? तर परीक्षेच्या पुस्तकांत आलेला. घरांत इंग्रज माणसें ज्या शब्दांनीं बोलतात तेच आम्हांला सर्वांत शेवटीं भेटतात.

परक्या भाषेचा शब्द परक्याच्या हातीं कसा द्यावा, याचा धडा मात्र आपल्याच भाषेच्या एका कोशांत आहे. जेम्स मोल्सवर्थ हे कंपनीच्या लष्करांतले अधिकारी. पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि सुमारें ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. म्हणजे रोझे यांचा ग्रंथ कालानें या दोहोंच्या मधला. मोल्सवर्थ अर्थ देऊन थांबत नाहींत. नामापुढें एक लहानशी खूण करून, त्या नामाबरोबर मराठी माणूस कोणतें क्रियापद योजतो तें ठिकठिकाणीं देतात. शब्द तुच्छतेचा कीं आदराचा, पोथींतला कीं बाजारांतला, हेंहि सांगतात. आम्हांला त्याचें महत्त्व कळत नाहीं, कारण शीळ घालावी, टाळी वाजवावी, थाप मारावी, हें आम्ही न शिकतां शिकलों. पण शपथ ‘घेणें’ निराळें आणि शपथ ‘घालणें’ निराळें. नुसता ‘शपथ’ या शब्दाचा अर्थ पाठ करून आलेल्या साहेबाला कचेरींत त्याचा काय उपयोग झाला असता?

इंग्रजीच्या दारांत आम्ही त्या साहेबाच्या जागीं उभे आहों. मराठींत चूक ‘करतात’, गुन्हाहि ‘करतात’. इंग्रजींत चुकीला ‘मेक’ लागतें आणि गुन्ह्याला ‘कमिट’. पाऊस तेथें ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो. दोघांचीं विशेषणें बदलून पाहावीं, म्हणजे मुसळधार वारा आणि सोसाट्याचा पाऊस म्हटल्यासारखें होईल. रोझे यांच्या हजार मथळ्यांत ही माहिती कोठें मिळावयाची? त्यांनीं शब्दांचीं कुळें सांगितलीं. शब्दांच्या सोयरिकी सांगणें हें त्यांचें कामच नव्हतें.

तें काम पुढें झालें, आणि झालें तें इंग्लंडांत नव्हे, जपानांत. तेथें इंग्रजी शिकविणाऱ्या हॅरल्ड पामर यांनीं नित्य एकत्र येणाऱ्या शब्दसमूहांचा संग्रह १९३३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्याच वाटेनें जाणारे हॉर्नबी यांनीं गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह परभाषी विद्यार्थ्यांसाठीं कोश रचला. तो १९४२ सालीं टोकियोंत निघाला आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें आपल्या नांवानें काढला. पुढें याच संस्थेनें २००२ सालीं शब्दांच्या सोयरिकींचा स्वतंत्र कोशहि छापला. मोल्सवर्थ यांनीं मराठीसाठीं जें केलें होतें तें इंग्रजीच्या विद्यार्थ्याला इतक्या उशिरां मिळालें! तरीहि आमच्याकडे वडीलमंडळी हॉर्नबी म्हणजे पोरांचा कोश समजतात, कारण त्यांतले शब्द सोपे दिसतात. शब्द सोपेच आहेत. चुका आम्ही त्यांच्यांतच करतों.

रोझे यांची प्रत मीं टाकून दिलेली नाहीं. एखादा शब्द जिभेच्या टोकाशीं येऊन अडला म्हणजे आजहि ती उघडतों आणि उपकृत होतों. नियम एकच पाळतों: जो शब्द कोठल्या तरी वाक्यांत पूर्वीं भेटलेला नाहीं तो तेथून उचलावयाचा नाहीं. मुलांना शब्दांच्या याद्या पाठ करावयास लावणें तर मीं केव्हांच बंद केलें. त्याऐवजीं दोनच शब्द द्यावे आणि दोहोंचीं पांचपांच वाक्यें वाचलेल्या पुस्तकांतून हुडकून आणावयास सांगावें. पहिला आठवडा मुलें कुरकुरतात, मग आपसांत भांडूं लागतात, आणि तें भांडण ऐकण्यासारखें असतें.

परवां जुन्या कागदांत त्या मानपत्राचा मसुदा सांपडला. तें वाक्य पुन्हां लिहून पाहण्याचा मोह झाला. ‘फ्रूगल’ लिहिलें, पण तो शब्द राहणीच्या आणि ताटाच्या साधेपणाकडे झुकतो, आणि गुरुजींना पुरणपोळीवर तुपाची धार लागे. ‘इकॉनॉमिकल’ लिहिलें, तर मनुष्याऐवजीं थोड्या तेलावर चालणारी मोटार डोळ्यांपुढें आली. शेवटीं ‘थ्रिफ्ट’. ‘थ्राइव्ह’ म्हणजे भरभराटणें, या क्रियापदाचें तें भावंड आहे. वांचविलेल्यांतून कांहीं तरी उभें राहतें, हा अर्थ त्याच्या पोटांत आहे. ग्रंथालयाचीं तीं कपाटें ज्यानें पाहिलीं त्याला दुसरा शब्द सुचूं नये. आणि तो मला तेव्हांहि येत होता.