उंटिणीला पान्हा फुटतो तेव्हा

गोबीच्या वाळवंटात उंटिणी विण्याचा हंगाम सरत आला आहे. कळपातली शेवटची उंटीण अडते. पिल्लाचे पाय बाहेर येतात आणि तिथेच सगळं थांबतं. घरातली माणसं वाळूत गुडघे टेकून ते पिल्लू ओढून काढतात. पांढरंशुभ्र, लटपटणारं पिल्लू आईकडे जातं, आणि आई त्याला हुंगून लाथ मारते. ब्यांबासुरेन दावा आणि लुइजी फालोर्नी यांच्या ‘द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल’ (2003) या चित्रपटाचं कथानक म्हणायचं तर एवढंच आहे. म्युनिकच्या चित्रपटशाळेत शिकणाऱ्या या दोघांनी, त्यातली दावा मूळची उलानबातारची, दक्षिण गोबीतल्या एका खऱ्या मेंढपाळ कुटुंबाला पडद्यावर आणलं.

चित्रपटाला निवेदक नाही. समजावून सांगणारं कुणी नसल्यामुळे आपण कामं बघत राहतो. बाई सकाळी गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, बाहेर येते आणि दिवसाचं पहिलं दूध आभाळाच्या दिशेनं शिंपडते. आत चुलीवर मीठ आणि दूध घातलेला चहा उकळतो. उंटाच्या लोकरीचे दोर वळले जातात. चार पिढ्या एका वस्तीत राहतात, आणि लहान मुलापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला जनावरांचं काही ना काही काम आहे. कॅमेरा या कामांवर जितका वेळ रेंगाळतो तितकाच उंटिणीच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. माणूस आणि जनावर यांना एकाच मापानं मोजणारी ही नजर मला या चित्रपटाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

पिल्लू तर रडतच राहतं. त्याचा तो किरटा, लांबलेला आवाज चित्रपटभर आपला पिच्छा सोडत नाही. घरचे त्याला दूध पाजतात, आईजवळ नेऊन बांधतात, तिचे पाय बांधून त्याला सडाशी लावून बघतात. ती तोंड फिरवते. पान्हा चोरणारी गाय आपल्याकडच्या गोठ्यालाही ओळखीची आहे. पण गोबीत या आडमुठेपणाची किंमत जबर. उंटिणीचा गाभणकाळ सुमारे तेरा महिन्यांचा आणि साधारण दोन वर्षांतून एकदाच ती विते. पिल्लू दगावलं तर दोन वर्षं वाया जातात, आणि पिल्लाशिवाय आईही दूध सोडत नाही. उंटिणीचं दूध म्हणजे चहातलं दूध, आंबवून केलेलं खोरमोग, घराचं अन्न. पिल्लासाठी चाललेल्या धडपडीत माया आणि पोट एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. चित्रपटही ती वेगळी काढायला जात नाही, म्हणून तो भाबडा होत नाही.

मग घरातल्या दोन मुलांना उंटांवर बसवून दूरच्या गावी धाडलं जातं, उंटिणीला आळवण्यासाठी वादक आणायला. गावात दूरचित्रवाणी आहे, दुकान आहे, मोटारसायकली आहेत. धाकट्याचे डोळे दूरचित्रवाणीच्या काचेवरून हलत नाहीत, आणि आपल्या घरीही असा संच हवा, हा हट्ट तो घेऊन परततो. या भागातले काही प्रसंग ठरवून करून घेतले आहेत हे जाणवतं. बाळंतपणाच्या दृश्यातला उघडावाघडा खरेपणा इथे पातळ होतो. तरीही त्या मुलाच्या हावऱ्या, निष्पाप नजरेसाठी हा प्रवास हवाच होता.

वादक येतो तो मोटारसायकलवर. त्याचं वाद्य मोरिन खूर: घोड्याच्या केसांच्या दोन तारा आणि माथ्यावर घोड्याचं कोरलेलं डोकं. तो ते आधी उंटिणीच्या मदारीला अडकवतो. वारा तारांवरून वाहतो आणि एक अस्फुट घुमारा उमटतो. वाजवण्याआधी वाद्याची नि जनावराची अशी ओळख करून देणं, हे दृश्य मी कितीदा बघितलं तरी अंगावर काटा येतो. नंतर तो गज चालवू लागतो. घरची सून उंटिणीच्या अंगावरून हात फिरवत एकच अक्षर आळवत राहते, ‘हूस, हूस’. सूर चढत नाही, लय वाढत नाही. दिग्दर्शकही घाई करत नाहीत. हळूहळू उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. पिल्लू सडाला लागतं, आणि ती उभी राहते.

याला चमत्कार म्हणावंसं कुणालाही वाटेल. पडद्यावरची माणसं मात्र, नमदा जोडावा किंवा दोर सांधावा त्याच सवयीच्या हातांनी, तुटलेलं नातं जोडतात आणि पुढच्या कामाला लागतात. सरतेशेवटी त्या घरी दूरचित्रवाणीची तबकडीही येते. चित्रपट तिचा शोक करत नाही, आणि ते मला योग्य वाटतं. ज्यांना वाळवंटात राहायचं आहे त्यांच्या इच्छांवर पाहुण्यानं कशाला निकाल द्यावा?

पण काळजीचं कारण खरं आहे. मोटारसायकलींनी उंटांची जागा घेतली, तरुण शहरांकडे गेले, आणि हे गाणं येणारे थोडे उरले. 2015 साली युनेस्कोनं उंटिणीला आळवण्याचा हा विधी तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घातला. दीड तासाचा हा चित्रपट मिळेल तिथून मिळवा, आवाज मोठा ठेवा, आणि घरातल्या मुलांना बरोबर घेऊन बघा.