‘वस्त्रहरण’ची छाप

लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात एक अनुभव वारंवार येतो. शेकडो गाणी रचणाऱ्या वा गाणाऱ्या कलावंताचे एखादे गाणे अचानक घरोघरी पोचते आणि त्यानंतर प्रत्येक मैफलीत श्रोते त्याच गाण्याची फर्माईश करीत राहतात. आधीची आणि नंतरची निर्मिती त्या गाण्याची प्रस्तावना किंवा पुरवणी ठरते. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मधील आपल्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात याची मीमांसा करताना असे सुचविले होते की, अशा संगीताच्या आस्वादात ‘ओळख पटणे’ हे साधन न राहता साध्यच बनते. अडोर्नोंची लोकप्रियतेविषयीची एकंदर तुच्छता मान्य नसली, तरी हे निरीक्षण टाळता येत नाही. मात्र त्याची अधिक गुंतागुंतीची कसोटी पाहायची असेल, तर गाण्यापेक्षा नाटकाकडे, आणि तेही मालवणच्या किनाऱ्याकडे वळणे मला फलदायी वाटते. येथे छाप केवळ एका कलावंतावर पडली नाही. ती एका बोलीवर पडली.

गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळी यांनी साकारलेला तात्या सरपंच, गोप्या, आणि महाभारतातील आख्यान रंगवण्यासाठी धडपडणारे कोकणातील एक गाव ही त्याची सामग्री. आरंभीचे प्रयोग फारसे चालले नाहीत, पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मुक्तकंठाने दाद दिल्यानंतर वारे फिरले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पुढे प्रयोगसंख्या पाच हजारांच्या वर गेली आणि कांबळी ‘मालवणी नटसम्राट’ झाले. या दाखल्याचा एक परिणाम मात्र दुर्लक्षिला गेला आहे. प्रमाण मराठीतील सर्वांत लाडक्या विनोदकाराने शिफारस केल्यामुळे हे नाटक अभिजनांच्या दारातून आत आले खरे, पण आत येताना त्याची नोंद ‘विनोद’ या एकाच रकान्यात झाली.

ही नोंद अपुरी का आहे, हे कळण्यासाठी दशावताराची भाषाव्यवस्था ध्यानात घ्यावी लागेल. सिंधुदुर्गातील जत्रांच्या रात्री रंगणाऱ्या या खेळात देव, राजे, ऋषी उत्स्फूर्तपणे बोलतात. पण बोलतात ते संस्कृतप्रचुर, भारदस्त मराठीत. मालवणी बोलतो तो संकासुर: प्रेक्षकांशी थेट संवाद करणारा, गावातील मानकऱ्यांनाही चिमटे काढणारा. म्हणजे ‘वस्त्रहरण’च्या कितीतरी आधीपासून या भूमीवरच दोन भाषांची उतरंड रंगमंचावर मांडली जात होती. पुराणकथा प्रमाणभाषेच्या ताब्यात, थट्टा बोलीच्या ताब्यात.

गवाणकरांनी केले ते हे की, या उतरंडीलाच नाट्यविषय बनविले. त्यांच्या गावकऱ्यांना महाभारत हवे आहे. त्यासाठी लागणारी भाषा मात्र त्यांच्या तोंडी टिकत नाही. प्रत्येक पौराणिक वाक्य जड शेल्यासारखे खांद्यावरून घसरते आणि खालची रोजची बोली उघडी पडते. या अर्थाने शीर्षकातील वस्त्रहरण द्रौपदीचे कमी आणि त्या भारदस्त मराठीचे अधिक आहे. हसू येते ते मालवणी शब्दांमुळे नव्हे, दोन भाषांच्या घर्षणामुळे. मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीच्या संदर्भात मांडलेली बहुस्वरतेची कल्पना येथे नाटकाला लावता येते. किंबहुना मराठीत तिचे याहून नेमके उदाहरण मला पटकन आठवत नाही.

प्रेक्षकांच्या स्मृतीत मात्र घर्षणातील एकच बाजू राहिली. ‘मालवणी म्हणजे हशा’ हे समीकरण रुजले, आणि ज्या प्रमाणभाषेच्या डौलाची खिल्ली उडविली गेली होती ती चित्रातून नाहीशी झाली. यशस्वी कृती तिच्या कर्त्याला साच्यात अडकविते, असे आपण सहज म्हणतो. प्रस्तुत उदाहरण असे दाखविते की, अशा यशाचा पहिला बळी ती कृतीच असते. मागे जो साचा उरतो तो तिच्याहून लहान असतो, आणि नंतरच्या निर्मितीचे मोजमाप त्या लहान साच्यानेच होते.

कांबळींच्या ‘भद्रकाली’ या संस्थेची नाटके या दृष्टीने पाहावीत. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘वय वर्षं पंचावन्न’, ‘भैया हातपाय पसरी’, ‘केला तुका झाला माका’ ही शीर्षके वाचली तरी कांबळींच्या अथक उद्योगाची कल्पना येते. यांत चालणारी नाटके होती, रंगतदार प्रसंग होते, आणि कांबळींचा उत्स्फूर्त भर घालण्याचा हातखंडा तर सर्वत्र होता. पण मालवणीला टक्कर देणारी ती दुसरी भाषा अनेकदा तेथे उरलेली दिसत नाही. बोली एकटीच, आपल्या ठसक्याच्या बळावर, हशा मिळविते. याचा दोष नटाकडे द्यावा असे मला वाटत नाही. व्यावसायिक नाटकाचा संसार तिकीटविक्रीवर चालतो आणि गल्ल्याला ओळखीचा चेहरा लागतो. शिवाय लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या कोकणी चाकरमान्याला आपल्या घरची बोली मुंबईच्या रंगमंचावर, टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू येत होती. गिरणी संपाने १९८२ नंतर हा वर्ग विस्कटत असताना त्या ऐकण्याचे मोल केवळ करमणुकीचे राहिले असेल असे मानणे कठीण आहे. तो साचा त्यांच्या दृष्टीने घराचा उंबरठाही होता. ही गोष्ट मान्य केल्याशिवाय साच्यावर टीका करणे मला उर्मटपणाचे वाटते.

गवाणकरांची स्थिती निराळी. त्यांनी ‘वन रूम किचन’सारखे मुंबईतील जागेच्या प्रश्नाला भिडणारे नाटक लिहिले, ‘दोघी’ लिहिले, ‘वात्रट मेले’ लिहिले. २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. तरी त्यांच्या नावामागे ‘वस्त्रहरणकार’ हे बिरुद लागले ते लागलेच. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘व्हाया वस्त्रहरण’ असे आहे. त्या शीर्षकात अभिमान आहे आणि एक मिस्कील कबुलीही: या लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याकडे जाणारी गाडीसुद्धा त्याच स्थानकावरून जाते. मिशेल फुको यांनी ‘लेखक’ हे व्यक्तीपेक्षा संहितांचे वर्गीकरण करणारे कार्य मानले. येथे ते वर्गीकरण लेखकाच्या नावाने होत नसून एका नाटकाच्या नावाने होते, आणि लेखक त्यात खातेदार म्हणून राहतो.

कर्त्यांपेक्षा मला चिंता वाटते ती बोलीची. मालवणीत गाऱ्हाणे आहे. देवळासमोर उभे राहून गावाच्या वतीने देवाला घातलेली ही साद मुळात गंभीर विधिभाषा आहे: तिच्यात भय आहे, हिशेब आहे, देवाला धरलेला धाकही आहे. रंगमंचावर आणि पुढे दूरचित्रवाणीवर तिचे विडंबन इतके झाले की, आज शहरी श्रोता ‘व्हय म्हाराजा’ ऐकताच हसायची तयारी करतो. एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने आजीच्या मृत्यूवरची आपली मालवणी कविता वाचायला घेतली. पहिल्याच ओळीला सभागृहात हशा पिकला. ओळीत हसण्यासारखे काही नव्हते. श्रोत्यांनी कविता ऐकलीच नव्हती. त्यांनी बोली ओळखली होती. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतात, ते येथे कवितेच्या आधीच सभागृहात येऊन बसले होते.

याच मातीतून चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ या कादंबऱ्या काढल्या. त्यांतील काळोख हशाला जागा ठेवीत नाही. पण तो काळोख मुख्यतः प्रमाण मराठीच्या निवेदनातून येतो, आणि म्हणून त्याने बोलीची प्रतिमा बदलली नाही, हे नोंदवायला हवे. प्रवीण बांदेकरांच्या ‘चाळेगत’ (२००९) या कादंबरीत मात्र दक्षिण कोकणातील राजकीय दहशत आणि जमिनीवरचे आक्रमण बोलीला सोबत घेऊनच सांगितले जाते, आणि वाचकाला हसण्याची मुभा मिळाली तरी ती लगेच काढून घेतली जाते. साच्याविरुद्ध लिहिणे म्हणजे विनोद वर्ज्य करणे नव्हे, हे या कादंबरीमुळे स्पष्ट होते.

साचा मोडण्याचे आणखी दोन प्रसंग उल्लेखनीय आहेत. कांबळींचे २००७ साली निधन झाले. त्यांच्याच ‘भद्रकाली’ने २०१७ मध्ये प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आणले. आवली आणि रखुमाई यांच्या संवादावर उभे असलेले हे नाटक हशाच्या हुकमी प्रेक्षकावर विसंबून नव्हते. संस्थेला आपल्या यशातून बाहेर पडता आले. नटाला ती सवड मिळाली नव्हती. दुसरा प्रसंग २०१६ मधील ‘रात्रीस खेळ चाले’ या दूरचित्रवाणी मालिकेचा. कुडाळ तालुक्यातील आकेरीच्या एका वाड्यात घडणाऱ्या या कथेत मालवणी भीतीची भाषा म्हणून महाराष्ट्रभर ऐकली गेली, आणि कोकणाची बदनामी होते म्हणून तिला विरोधही झाला. हशाऐवजी भय, ही अदलाबदल मला प्रथम आश्वासक वाटली होती. पण पुढच्या पर्वांत अण्णा नाईक हे पात्र एवढे गाजले की, मालवणी म्हटल्यावर तात्या सरपंचाच्या शेजारी आता तेही येऊन बसले आहे.