बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला : कर्तृत्वाचा प्रश्न

बुऱ्हाणपूर येथे तापीच्या उत्तर तीरावर उभा असलेला शाही किल्ला सामान्यतः मोगल राजवाडा म्हणून वर्णिला जातो. शाहजहानचे वास्तव्य, १६३१ मध्ये मुमताजमहलचा झालेला मृत्यू आणि पैलतीरी जैनाबादेत झालेले तिचे तात्पुरते दफन यांमुळे ही वास्तू ताजमहालाच्या कथेची प्रस्तावना होऊन बसली आहे. हे वर्णन असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे.

खानदेशच्या फारुकी राजवंशाचे पहिले ठाणे आजच्या धुळे जिल्ह्यातील थाळनेर होय. त्या घराण्याच्या कबरी तेथे आजही आहेत. संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारल्यानंतर त्याचा पुत्र नासीरखान याने बुऱ्हाणपूर वसविले. तेथील बालेकिल्ला बांधल्याचे श्रेय फिरिश्ता दुसऱ्या आदिलखानास (१४५७–१५०१) देतो. अकबराने असीरगड घेतला तो १६०१ मध्ये. अर्थात मोगल येथे आले ते एका नांदत्या राजधानीत.

वास्तूचे परीक्षण करताना हे दोन थर वेगळे ठेवणे अवश्य आहे. नदीकाठच्या उंचवट्यावरील जागेची निवड आणि तटबंदीची मूळ कल्पना ही फारुकींची. हमामखान्याच्या छतावरील रंगीत वेलबुट्टी ही मोगल अभिरुचीची. ही वेलबुट्टी मनोहर आहे, यात संशय नाही. तथापि, स्नानगृहाची सजावट तेथे विलास कोणी केला हे सांगते; राजवाडा कोणी उभारला, हे सांगत नाही.

नावांचा पुरावाही बोधप्रद आहे. विजयानंतर अकबराने पुत्र दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले. ते नाव रुजले नाही, ‘खानदेश’ टिकले. प्रदेशाच्या नावापुढे बादशहाची आज्ञा हरली. राजवाड्याच्या बाबतीत मात्र लोकस्मृतीने बादशहाचाच पक्ष घेतला. वस्तुतः त्याच नगरीतील जामा मशिदीत राजा अलीखान फारुकी याने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला (शके १५११) आणि त्यात आपली वंशावळ नोंदविली. आपला वंश प्रजेच्या विद्याभाषेतही नोंदवू इच्छिणाऱ्या या घराण्याला स्वतःच्याच राजवाड्याच्या वर्णनात स्थान नसावे, ही विसंगती होय.

आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, तर थाळनेर महाराष्ट्रात आहे. राज्यसीमेमुळे अभ्यासाचीही फाळणी झाली. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकांनी हा किल्ला परमुलखातील मोगल अवशेष मानल्यास, थाळनेरच्या कबरींत निजलेल्या राजांची राजधानी त्यांनी स्वतःच गमावली, असे म्हणावे लागेल.