व्यवसाय विश्लेषणातील 'गरज' : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संस्थेला संगणक प्रणालीकडून नेमके काय हवे आहे हे ठरवून लिहून काढणे, हे व्यवसाय विश्लेषकाचे मुख्य कार्य मानले जाते. व्यवहारात यास 'रिक्वायरमेंट गोळा करणे' म्हणतात. गरज कोठेतरी तयार असते व ती केवळ वेचून आणावयाची असते, असा समज या शब्दप्रयोगामागे आहे. प्रस्तुत लेखात लंडन रुग्णवाहिका सेवेच्या उदाहरणाआधारे या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
२६ ऑक्टोबर १९९२ रोजी या सेवेने रुग्णवाहिका पाठविण्याचे काम नव्या संगणक प्रणालीकडे सोपविले. प्रत्येक गाडीचे ठिकाण व स्थिती प्रणालीला अचूक कळेल, असे गृहीत धरले होते. त्यासाठी गाडीवरील कर्मचाऱ्याने योग्य वेळी योग्य बटण दाबणे आवश्यक होते. प्रत्यक्षात माहिती चुकत गेली, एकाच ठिकाणी एकाहून अधिक गाड्या पोहोचल्या आणि ताटकळलेल्या लोकांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या दूरध्वनींनी भार वाढला. दुसऱ्याच दिवशी अंशतः जुन्या पद्धतीकडे वळावे लागले.

१९९३ च्या चौकशी अहवालानुसार या दोन दिवसांत प्रणाली तांत्रिकदृष्ट्या बंद पडली नव्हती. ती आखणीनुसारच चालली, मात्र आखणीच सदोष होती. याउलट ४ नोव्हेंबर रोजी प्रोग्राममधील चुकीमुळे प्रणाली खरोखरच बंद पडली. दुसरा दोष प्रोग्रामरच्या कक्षेतील होता. पहिल्याचे मूळ गरजांच्या मांडणीपर्यंत जाते. गरजपत्रक अत्यंत तपशीलवार होते. परंतु ते तयार होताना, संघटनांना निमंत्रण असूनही, गाडीवरील कर्मचाऱ्यांचा सहभाग अल्पच राहिला. म्हणजेच तपशील भरपूर असला तरी गृहीतकांची पडताळणी झाली नव्हती.

आंतरराष्ट्रीय व्यवसाय विश्लेषण संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१५) गरजांचे चार गट केले आहेत : व्यवसायाच्या, संबंधित घटकांच्या, उपाययोजनेच्या आणि संक्रमणकाळाच्या. या निकषावर पाहता लंडनमध्ये दुसरा व चौथा गट दुर्बल राहिल्याचे दिसते. कारण संपूर्ण शहराचा कारभार एकाच टप्प्यात बदलण्यात आला. तथापि, केवळ वर्गीकरणाने प्रश्न सुटत नाही. चारही रकाने भरूनही चुकीचे गृहीतक तसेच राहू शकते.

निष्कर्ष :
गरज ही वेचलेली वस्तू नसून विश्लेषकाने केलेले अनुमान असते. प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडून ते तपासले गेल्याशिवाय त्यास गरज म्हणता येत नाही. व्यवसाय विश्लेषणाच्या अध्यापनात गरजपत्रकाच्या नमुन्याइतकेच महत्त्व या पडताळणीस मिळणे आवश्यक आहे.